मोगली कोणत्या भाषेत बोलत होता?

१९८० ते ८५ च्या दरम्यान जन्मलेल्या आणि सातारा-सांगलीकडे वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसाला बालपण आठवू लागले, की त्यातला एक मोठा तुकडा त्याला हिंदीत आठवतो. घर मराठी, शाळा मराठी, शिव्या मराठी. रविवारची सकाळ मात्र हिंदी. दूरदर्शनवर १९९३ साली ‘जंगल बुक’ सुरू झाले, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत हिंदीचे पुस्तक उघडलेले नव्हते, कारण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत हिंदी पाचवीपासून सुरू होई आणि आम्ही तिसरी-चौथीत होतो. तरीही मोगली आम्हांला कळला, बल्लू कळला, शेरखानची तर धडकीच भरली. पुढे तीस वर्षांनी हीच मंडळी एकत्र आली, की कोणीतरी ते शीर्षकगीत गुणगुणू लागतो, बाकीचे त्यात सूर मिसळतात आणि डोळे पाणावतात. माझेही पाणावतात, तेव्हा हा लेख कोणा त्रयस्थाने लिहिलेला नाही हे आधीच सांगितलेले बरे.

मात्र या स्मरणरंजनात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आमच्या घरात मोगली हिंदीत बोलत होता हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून त्याचे सहप्रक्षेपण पुण्यापर्यंत आले. दक्षिण महाराष्ट्रातल्या सामान्य घरात दूरचित्रवाणी पोचली ती त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. इन्सॅट-१बी हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर दिवसाला एक अशा वेगाने लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांच्या गावी छपरांवर अँटेना दिसू लागल्या त्या याच लाटेत. या केंद्रांची घडण मुळातच अशी होती, की ती उपग्रहावरून येईल ते घेत आणि आपल्या आसपासच्या काही कोसांत पसरवत. उपग्रहावरून येई ते दिल्लीहून. सांगलीला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र १९६३ पासून होते. त्यावर कृष्णाकाठची बोली, शेतीची चर्चा, भजनी मंडळे हे सारे आपल्या आवाजात ऐकू येई. चित्र आले आणि आवाज दूर गेला, असा हा उलटा प्रवास होता. कानाला जे आपले होते ते डोळ्यांच्या बाबतीत परके झाले. आणि मुलांना तर डोळेच आधी असतात.

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाड्यात एकच संच होता, लाकडी शटरचा, आणि तो तळमजल्यावरच्या काकूंकडे होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असल्यामुळे की काय, चित्रापेक्षा मुंग्याच अधिक दिसत. कोणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची, खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा कार्यक्रमाचाच एक भाग असे. मे महिन्यात सांगलीला मामाकडे गेलो की तिथल्या सपाट मुलखात चित्र काचेसारखे स्वच्छ दिसे. साताऱ्यात धूसर पाहिलेल्या पात्रांचे खरे रंग मला सांगलीत कळले.

परदेशी मालिका काही मोगलीपासून सुरू झाल्या नाहीत. १९८० च्या दशकातच दूरदर्शनने त्या दाखवायला सुरुवात केली होती, पण त्या बहुधा इंग्रजीत असत. ‘जायंट रोबॉट’ ही १९६७-६८ ची जपानी मालिका इंग्रजी आवाज लावून आपल्यापर्यंत आली. मनगटावरच्या घड्याळात बोलून प्रचंड यंत्रमानवाला हाक मारणारा मुलगा आणि शेवटी पृथ्वीसाठी स्वतःचा नाश ओढवून घेणारा तो यंत्रमानव आमच्या थोरल्या भावंडांनी पाहिला. त्यांपैकी एकालाही त्यातले एक वाक्य समजले असेल असे मला वाटत नाही, आणि तरीही शेवटच्या भागाला ती रडली होती. ‘टेलिमॅच’ हा जर्मन खेळांचा कार्यक्रम असाच. तिथे समजण्यासारखे काही नव्हतेच, माणसे पाण्यात पडत आणि आपण हसायचे. जर्मनीचाच ‘दीदीज कॉमेडी शो’ तर बराचसा मूक. त्यातल्या पुरुषाला सगळे दीदी, म्हणजे ताई, का म्हणतात, हा प्रश्न आमच्या वाड्यात पुष्कळ दिवस चर्चिला गेला. (डीटर हालरफोर्डन या नटाचे ते लाडके नाव होते हे मला चाळिशीत कळले.)

म्हणजे पहिली पायरी चित्राची होती. भाषा कळत नसे, म्हणून प्रत्येक जण आपल्या मनाने संवाद घाली. पुढे जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आले आणि पाठोपाठ ‘महाभारत’. कथा आधीच माहीत असल्यामुळे हिंदीचा अर्थ लावणे सोपे गेले. परक्या भाषेतले पहिले पुस्तक आपल्याला पाठ असलेल्या गोष्टीचे असावे, असे भाषाशिक्षणाचे शास्त्र सांगते. या दोन मालिकांनी खेडोपाडीच्या मराठी माणसाला, विशेषतः बायकांना आणि मुलांना, ऐकण्यापुरती हिंदी शिकवली. ती शिकवणी आधी झाली नसती तर मोगली एवढा सहज कळला नसता.

आता मोगलीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. रडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. ‘द जंगल बुक’ त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत बसून लिहिले आणि ते १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कथेचे रान मात्र सिवनीचे, नदी वैनगंगा. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतूनच वाहते. या गोष्टीवर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये बावन्न भागांची चित्रमालिका केली. तिला हिंदी आवाज मिळाले, गुलजारांनी भारतासाठी नवे शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाजांनी त्याला चाल दिली, नाना पाटेकरांनी शेरखानला आवाज दिला. मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाची, विदर्भाच्या शेजारच्या रानातली गोष्ट अमेरिका आणि जपान फिरून साताऱ्याच्या वाड्यात आली, ती हिंदी बोलत आली. बल्लू, हाथी, शेरखान ही नावे किपलिंगने हिंदुस्तानीतूनच उचललेली, त्यामुळे हिंदीत ती घरी परतल्यासारखी वाटली. डबिंग इतके नैसर्गिक वाटण्याचे आणखी एक कारण व्याकरणात सापडते. जपानी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. पात्राचे तोंड मिटते तिथेच अर्थही पूर्ण होतो. शिवाय या मालिकांतले ओठ दोन-तीनच आकारांत उघडझाप करतात. त्यांत कोणतीही भाषा बसते.

मराठीही बसली असती, हे इथे नोंदवून ठेवतो.

नाना पाटेकरांच्या आवाजाबद्दल थोडे विषयांतर करतो. तोवर ‘परिंदा’ (१९८९) आणि ‘प्रहार’ (१९९१) येऊन गेले होते. थिएटरात न जाणाऱ्या आम्हा मुलांना ते ठाऊक नव्हते, पण शेरखान बोलू लागला की वडीलधारी माणसे ‘अरे, हा आपला नाना’ म्हणत. त्या हिंदीतला खर्ज, शब्द तोडण्याची पद्धत, वाक्याच्या शेवटी येणारा तुच्छतेचा झटका, हे सारे मराठी रंगभूमीवरून आलेले होते. त्या रानातला सर्वांत मोठा खलनायक मराठी वळणाची हिंदी बोलत होता. आम्हांला त्याचा अभिमान वाटे. नायकाची बाजू घ्यायची आणि अभिमान मात्र खलनायकाचा बाळगायचा, ही कसरत आम्ही विनातक्रार केली.

आता ते उरलेले अर्धे. आमच्या आजीला हिंदी येत नव्हती. ‘रामायणा’पुरती चालून जाई, कारण तिथे पुढचे तिला आधीच ठाऊक असे, मोगलीच्या वेळी मात्र ती अडे. ती माझ्या मागे भिंतीला टेकून बसे आणि दर मिनिटाला विचारी, ‘काय म्हणाला रे तो वाघ?’ मी सांगे. मी सांगितलेले ती स्वतःशी पुन्हा म्हणे, आणि त्या पुन्हा म्हणण्यात ते बदलत जाई. शेरखान हे नाव तिने कधीच उच्चारले नाही. तो वाघोबा झाला. बल्लूचा अस्वलदादा झाला. मोगलीचा मोगल्या झाला, आणि पहिल्या दिवशी तर तिने ‘मोगलांचा का हा पोर?’ असेही विचारले होते. ज्या गावच्या किल्ल्याला औरंगजेबाने वेढा घातला आणि जिंकल्यावर त्याचे नाव आझमतारा ठेवले, त्या गावच्या बाईने ही शंका काढावी हे काही गैर नव्हते. वाघोबा म्हटल्यावर त्या जनावराचा दरारा गेला नाही, पण जात बदलली. शेरखान हा एक दुष्ट होता. वाघोबा हा देव असतो, शेजारी असतो, फसवला जाणारा मामाही असतो. त्यामुळे तिच्या गोष्टीत वाघोबाचीही काही बाजू होती, जी पडद्यावर नव्हती.

त्या खोलीत बसलेल्या माझ्याहून लहान मुलांनाही हिंदी धड येत नव्हती. तीही माझ्याकडून, किंवा माझ्याहून मोठ्या कोणाकडून, ऐकत. सांगलीला मामाच्या शेजारी जत तालुक्यातले एक कुटुंब राहत होते. घरात कानडी बोलत. तिथली माझ्या वयाची मुलगी हिंदी ऐके, आम्हांला मराठीत विचारून खात्री करून घेई आणि आपल्या धाकट्या भावाला कानडीत सांगे. एका वाक्याला तीन भाषांतले तीन आवाज. पडद्यावर पुढचे वाक्य सुरू झालेले असे, म्हणून तिला घाई करावी लागे, आणि घाईत ती काय काय गाळत असेल ते तिलाच ठाऊक.

मला वाटते, मोगलीचे मराठी डबिंग झाले ते इथे, हजारो घरांत, प्रत्येक घरात वेगळे, आणि त्याची एकही ध्वनिफीत नाही. स्मरणरंजनात गीत उरले, कारण ते मुद्रित होते. हे उरले नाही.

सांगलीच्या बाबतीत या प्रकाराला एक जुना आणि राजमान्य पूर्वज आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तो विसरू नये. १८४२ मध्ये कारवार भागातल्या कर्की गावची भागवत मंडळी कानडी खेळ घेऊन सांगलीला आली. तो पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना असेच मराठीत करायला सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. त्या नाटकाची रीत अशी, की पद्ये सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी त्यानुसार अभिनय करून आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलायचे. शरीर एकाचे, गाणारा गळा दुसऱ्याचा. आवाज आणि देह यांची अशी फारकत मराठी रंगभूमीच्या जन्मातच आहे, आणि तिच्या मुळाशी एक परभाषी खेळ आहे.

त्याच परिसरात, हरिपूरला जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. डेस्डिमोनाची कमळजा झाली. मोलियरचे प्रहसन इंग्रजीतून फिरत फिरत त्यांच्याकडे आले आणि त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले. आज ते परके आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. साताऱ्याच्या बाजूचे उदाहरण द्यायचे तर कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. १८८३ मध्ये त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते ‘विकारविलसित’ म्हणून. मुलांच्या वाङ्मयात हाच वारसा भा. रा. भागवतांनी चालवला. ज्यूल व्हर्नची चंद्रयाने आणि पाताळयात्रा त्यांनी अशा मराठीत आणल्या, की त्यांतल्या माणसांना मराठीत घाई होई, मराठीत राग येई. ॲलिसची त्यांनी ‘जाई’ केली, हे मला नेहमीच विशेष वाटत आले आहे. नंतर दूरदर्शनवर ॲलिसची जपानी चित्रमालिका हिंदीतून आली, गुलजारांचेच शीर्षकगीत घेऊन, आणि तिथे ॲलिस ॲलिसच राहिली. भागवतांनी जाई नाव ठेवले आणि माझ्या आजीने वाघोबा म्हटले, या दोन्हींत मला जातीचा फरक दिसत नाही; एक छापले गेले, एवढेच.

त्याच भागवतांचा फास्टर फेणे १९८७ मध्ये मराठी मालिका म्हणून दूरदर्शनवर आला होता, सुमीत राघवन त्या भूमिकेत. म्हणजे मुलांसाठी मराठीत काही होऊच शकत नव्हते असे नाही. आणि पुस्तकांच्या बाजूने पाहिले तर १९९१ पर्यंत परदेशी बालवाङ्मयाचा एक भरघोस प्रवाह थेट मराठीत येत होता, तो सोव्हिएत रशियातून. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची पुस्तके, अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी केलेली, गुळगुळीत कागदाची, मोठ्या चित्रांची आणि हास्यास्पद वाटावी इतक्या कमी किमतीची, फिरत्या प्रदर्शनांतून तालुक्याच्या गावापर्यंत येत. आमच्या शाळेच्या पटांगणातही असे एक प्रदर्शन लागले होते आणि तिथून घेतलेले एक पुस्तक, पुठ्ठा सुटलेला, अजून माझ्याकडे आहे. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो झरा आटला. दीड-दोन वर्षांत दूरदर्शनवर मोगली आला. मग डिस्नेचे ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’. रशियन मुले आमच्याशी मराठीत बोलत होती. अमेरिकन बदके हिंदीत बोलू लागली. राजकारणाच्या पुस्तकात या दोन घटना वेगळ्या प्रकरणांत असतात. आमच्या गल्लीत त्या एकामागोमाग एक घडल्या.

याचा परिणाम काय झाला? मुलांचे खेळ ऐकावेत. आमच्या गल्लीत लुटुपुटीची लढाई सुरू झाली, की भाषा बदले. ‘मैं तुमको नहीं छोडूंगा’, ‘तुम बच के किधर जायेगा’ अशी, व्याकरणाची हाडे मोडलेली हिंदी. पण खेळता खेळता कोणाला खरोखर लागले, दगड चुकून डोक्यात बसला, की त्याच क्षणी दोन्ही बाजू मराठीवर येत. खोट्या भांडणाची भाषा हिंदी आणि खऱ्या भांडणाची मराठी, अशी वाटणी कोणीही न सांगता झाली होती. कल्पनेच्या राज्यात शिरताना आम्ही चपला काढाव्यात तशी मराठी उंबऱ्याबाहेर काढून ठेवत होतो.

यात हिंदीचा दोष नाही. गुलजारांनी मुलांसाठी लिहिताना जो खट्याळपणा दाखवला, शब्दांशी जे चाळे केले, ते त्या काळच्या मराठी बालकार्यक्रमांतल्या गोड, बोधप्रद, टाळ्या वाजवत म्हटलेल्या गीतांपेक्षा कितीतरी जिवंत होते. मुले हुशार असतात; जिथे मजा आहे तिथे ती जातात. मराठीने मुलांपुढे संस्कार ठेवले आणि हिंदीने एक चड्डी घातलेला उघडा पोरगा ठेवला. निवड अवघड नव्हती.

केबल आल्यावर वाटणी पक्की झाली. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ रोजी आले, आधी इंग्रजीत, आणि दशकाच्या अखेरीस हिंदीत. मग ‘डोरेमॉन’, ‘शिनचॅन’ २००५-०६ च्या सुमारास. दक्षिणेत मात्र चित्र वेगळे होते. तिथे हिंदी कळत नाही, आणि कळत असली तरी चालत नाही, असे गृहीत धरून बाजार चालला. तमिळमध्ये ‘चुट्टी टीव्ही’ २००७ मध्ये निघाली, तेलुगू आणि कानडीत २००९ मध्ये, मल्याळममध्ये २०११ मध्ये. कानडीचे उदाहरण तर विशेष, कारण तिथल्या चित्रपटसृष्टीने डबिंगला अनेक दशके कडवा विरोध केला होता. मराठीत मुलांची वाहिनी म्हणता येईल अशी ‘ईटीव्ही बालभारत’ आली ती २०२१ मध्ये. कारण उघड आहे. मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला? आपल्या बहुभाषिकतेचा आपण अभिमान बाळगतो, आणि बाजारात तीच आपल्या विरुद्ध पुराव्यासारखी मांडली जाते. २०१६ मध्ये डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ भारतात लागला तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. शेरखानला हिंदीत पुन्हा नाना पाटेकरांनीच आवाज दिला, आणि आम्ही आपापली मुले घेऊन सांगलीच्या थिएटरात कृतज्ञतेने जाऊन बसलो. मराठी आवृत्ती नाही याची खंत त्या दिवशी मलाही वाटली नव्हती, हे कबूल करतो.

बांगलादेशाने फेब्रुवारी २०१३ मध्ये हिंदीतल्या ‘डोरेमॉन’वर बंदी घातली, कारण मुले घरात हिंदी बोलू लागली होती; पुढे तिथे त्याचा बंगाली अवतार आला. बंदी मला पटत नाही. पण तिथल्या सरकारला निदान प्रश्न दिसला. आपल्याकडे हा विषय निघतो तो केवळ शाळेच्या संदर्भात. २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले, गदारोळ झाला आणि २९ जूनला ते मागे घेण्यात आले. त्या वादात ‘मुलांना हिंदी येतेच की’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू आले, एका बाजूने सोय म्हणून आणि दुसऱ्या बाजूने हरकत म्हणून. ती येते कुठून, याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती.

मी महाविद्यालयात अनुवाद शिकवतो. तीन वर्षांपूर्वी एका वर्गाला मी सोपा वाटणारा स्वाध्याय दिला. लहानपणी पाहिलेल्या कोणत्याही चित्रमालिकेतला आठवेल तो प्रसंग आठवेल त्या भाषेत लिहा आणि मग मराठीत आणा. वर्ग वाई, कोरेगाव, तासगाव, पलूस अशा गावांतून आलेला. निम्म्यांच्या घरी शेती. सर्वांनी पहिला भाग हिंदीत झरझर लिहिला. दुसऱ्या भागाला पेने थांबली. नोबिता आईला काही तरी मागतो, एवढाच प्रसंग. पण मराठीत तो ‘आई, कृपया मला परवानगी दे’ असे बोलू लागला. मी एका मुलीला विचारले, ‘तू घरी आईशी अशी बोलतेस का?’ ती हसली. म्हणाली, ‘नाही सर, पण तो बोलला असता ना.’ तिचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवत होतो. तिच्या लेखी मराठीत चित्रातला मुलगा बोलणार तर तो धड्यातल्यासारखाच बोलणार. घरातली मराठी त्याला शोभणार नाही, कारण ती त्याच्या तोंडी तिने कधी ऐकलेलीच नव्हती. अनुवादकाला शब्दकोश हवा असतो त्याआधी असा कान हवा असतो. तो कान एका अख्ख्या पिढीत घडलाच नाही, आणि त्याचे नुकसान पुढे कादंबरीत दिसते, पटकथेत दिसते, मुलांच्या मासिकांत तर पानापानावर दिसते.

तासाच्या शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपला कागद दिला. त्याने प्रसंग माणदेशी बोलीत उतरवला होता. नोबिताची आई त्याच्या प्रसंगात चुलीपुढे बसून ओरडत होती. मी विचारले, हे कसे सुचले? तो म्हणाला, ‘आमची आज्जी अशीच सांगायची सर. तिला टीव्हीतलं कळायचं नाही, मग मी सांगायचो, मग ती सांगायची.’ आटपाडीकडचा मुलगा. व्यंकटेश माडगूळकरांच्या मुलखातला. वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’सारखी कादंबरी लिहून १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारा लेखक ज्या मातीतून आला, तिथल्या एका घरात २०१० च्या आसपास एक आज्जी डोरेमॉनचे मराठी करत बसली होती. मी त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गात ते वाचून दाखवले. वर्ग पोट धरून हसला, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

आमच्या आजीचे एक सांगून थांबतो. एका रविवारी ऐन मोक्याला, शेरखान मोगलीच्या समोर आला असताना, वीज गेली. काकूंच्या खोलीत वीसेक माणसे अंधारात बसून राहिली. कोणी तरी खिडकी उघडली. वीज येण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा मुलांनी कुरकुर सुरू केली आणि आजीने पुढची गोष्ट सांगायला घेतली. तिने वाघोबाला आधी नदीवर पाणी प्यायला पाठवले, मोगल्याला झाडावर चढवले, मध्ये कोठून तरी एक म्हातारी आणली, आणि शेवटी वाघोबा फजित होऊन रानात निघून गेला, मेला मात्र नाही. पुढच्या रविवारी भाग सुरू झाला तेव्हा पडद्यावर काही वेगळेच चालले होते. म्हातारी तर नव्हतीच. आजीने थोडा वेळ पाहिले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘यांनी बदललेलं दिसतंय.’